यूएसबी ड्रायव्हर सावरत का नाही? एरर रिकव्हरी डीबग करण्यासाठी मार्गदर्शन

यूएसबीच्या तारेवर चुका होतातच. पॅकेट बिघडते, उपकरण वेळेत उत्तर देत नाही, व्होल्टेज क्षणभर घसरते, कोणीतरी चालू कामात केबल उपसते. त्यामुळे होस्ट कंट्रोलरच्या ड्रायव्हरमध्ये डेटा हलवणाऱ्या कोडच्या जोडीला चुकीनंतर सावरण्याचा कोडही बराच असतो. यालाच एरर रिकव्हरी म्हणतात. हा कोड रोज चालत नाही. म्हणून त्यातले बग टेबलावरच्या चाचणीत सुटतात आणि गिऱ्हाइकाच्या जागेवर उघडे पडतात.

वसई पूर्वेच्या वालीव, गोखिवरे, सातिवली, नवघर भागातल्या औद्योगिक गाळ्यांत ही अडचण नेहमीची आहे. एका भिंतीला लेथ, काँटॅक्टर आणि मोटरचा व्हीएफडी असतो. दुसऱ्या भिंतीला लिनक्सवर चालणारा छोटा संगणक, आणि त्याला वजनकाटा, बारकोड स्कॅनर, लेबल प्रिंटर, यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर जोडलेले. वसई रोडचे विद्यावर्धिनी अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा विरारचे विवा इन्स्टिट्यूट यांसारख्या ठिकाणी शेवटच्या वर्षाचे प्रकल्पही बहुधा याच जोडणीवर उभे राहतात. तक्रार सगळीकडे सारखी: ‘मध्येच लटकते, केबल काढून घातली की चालते.’

या तक्रारीत तीन वेगळे प्रश्न एकत्र झालेले असतात. पहिली चूक कशाने झाली? ड्रायव्हरने सावरण्यासाठी काय केले? आणि ते अर्धवट का राहिले? केबल काढून घातल्यावर काम सुरू होत असेल, तर बहुतेक वेळा उपकरण जिवंत असते आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे असते. पुढील मार्गदर्शन लिनक्स आणि एक्सएचसीआय कंट्रोलर गृहीत धरून आहे. आजचे बहुतेक संगणक आणि रास्पबेरी पाय ४ सारखे बोर्ड त्याच जातीचा कंट्रोलर वापरतात.

सावरण्याच्या पाच पायऱ्या

रिकव्हरी खालून वर चढते. खालची पायरी पुरली नाही तरच वरची घ्यायची असते.

१. हार्डवेअरचा पुनःप्रयत्न. पॅकेटमध्ये सीआरसीची चूक आली किंवा उत्तरच आले नाही, तर कंट्रोलर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. साधारणपणे लागोपाठ तीन वेळा चूक झाल्यावरच ती ड्रायव्हरला कळते. आवाज-चित्रासाठीच्या आयसोक्रोनस ट्रान्सफरमध्ये पुनःप्रयत्न नसतो. तिथे पॅकेट गेले ते गेले.

२. एंडपॉइंट सावरणे. एक वाहिनी थांबलेली असते, बाकीच्या चालू असतात. फक्त तीच मोकळी करायची.

३. उपकरण रीसेट करणे. पोर्टवर रीसेट सिग्नल देऊन उपकरणाला पुन्हा पत्ता आणि कॉन्फिगरेशन द्यायचे.

४. पोर्टची वीज तोडून जोडणे. केबल काढून घालण्याच्या सर्वांत जवळची ही पायरी. मात्र प्रत्येक हब पोर्टगणिक वीज तोडू शकत नाही.

५. कंट्रोलर रीसेट करणे. यात त्या कंट्रोलरवरची सगळीच उपकरणे तुटतात, म्हणून ही शेवटची पायरी.

डीबग करताना लॉगमधली शेवटची पूर्ण झालेली पायरी शोधा. बग बहुधा तिच्या आणि पुढच्या पायरीच्या मध्ये असतो.

आधी वायर, मग कोड

ड्रायव्हरचा कोड उघडण्यापूर्वी विजेची बाजू तपासणे स्वस्त पडते.

- केबलची लांबी. यूएसबी २.० साठी ५ मीटर ही कमाल मर्यादा. यूएसबी ३.० साठी सुमारे ३ मीटरच्या आत राहावे. त्यापुढचे अंतर असेल तर वजनकाट्याजवळच आरएस-४८५ मध्ये रूपांतर करून लांबची तार त्याची टाकावी.
- करंट. यूएसबी २.० च्या पोर्टवर ५०० मिलिअँपिअर, ३.० च्या पोर्टवर ९०० मिलिअँपिअर धरून चालावे. रास्पबेरी पाय ४ च्या चारही पोर्टांना मिळून १.२ अँपिअर मिळतात. दोन बाहेरच्या डिस्क जोडल्या की ते संपतात. स्वतःचा अॅडॉप्टर असलेला हब वापरावा.
- बोर्डचे व्होल्टेज. रास्पबेरी पायचा पुरवठा सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की लॉगमध्ये ‘अंडरव्होल्टेज’ची नोंद पडते. ही नोंद आणि यूएसबीची चूक एकाच सेकंदात दिसली, तर कोड वाचण्यात वेळ घालवू नये.
- विद्युत गोंगाट. काँटॅक्टर सुटताना किंवा मोटर चालू होताना पोर्ट बंद पडत असेल, तर लॉगमध्ये ‘पोर्ट डिसेबल्ड बाय हब’ असा संदेश येतो आणि त्यात ‘ईएमआय’ असे प्रश्नचिन्हासह लिहिलेले असते. कर्नल लिहिणाऱ्यांनी हा संशय संदेशातच नोंदवून ठेवला आहे. अशा वेळी केबल मोटरच्या वायरपासून दूर घ्यावी, फेराइट कोअर लावावा, अर्थिंग मोजून घ्यावे. १२ मेगाबिट वेगाच्या उपकरणासाठी यूएसबी आयसोलेटरही मिळतो.
- गंज. खाडी आणि समुद्राजवळच्या खाऱ्या, दमट हवेत पोर्टच्या पत्र्यांवर थर चढतो. वसईतल्या जुलै २०१८ च्या पुरासारख्या पाण्यात भिजलेले संगणक वाळवून पुन्हा लावले असतील, तर पोर्ट बदलल्याशिवाय त्यांवर ड्रायव्हरची परीक्षा घेऊ नये.

तक्रार असलेल्या उपकरणाची दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या केबलने आणि मोटर बंद असताना चाचणी घ्या. तिन्ही वेळा चूक राहिली तरच कोडकडे वळा.

लॉगमधले आकडे काय सांगतात

‘डीमेसेज’ या आदेशाने कर्नलचा लॉग दिसतो. त्यात यूएसबीच्या ओळींशेवटी उणे आकडा असतो. तो आकडा पुढची पायरी ठरवतो.

- उणे ३२: एंडपॉइंट स्टॉल झाला. उपकरण जिवंत आहे, पण ही मागणी त्याने नाकारली आहे. पायरी दोन पुरते.
- उणे ७१: प्रोटोकॉलची चूक. तारेवर बिघाड, किंवा उपकरण नुकतेच उपसले गेले.
- उणे ८४ आणि उणे ६२: सीआरसीची चूक किंवा वेळेत उत्तर नाही. अर्थ साधारण ७१ सारखाच घ्यावा.
- उणे ७५: उपकरणाने ठरल्यापेक्षा जास्त बाइट पाठवले. फर्मवेअर किंवा बफरचे माप तपासा.
- उणे ११०: ड्रायव्हरने दिलेली मुदत संपली. तारेवर चूक झालीच असे नाही. उपकरण ‘थांबा’ म्हणत राहिले असेल.
- उणे २ आणि उणे १०४: मागणी आपल्याच ड्रायव्हरने रद्द केली. हा बिघाड नव्हे.
- उणे १९ आणि उणे १०८: उपकरण गेले किंवा बंद केले गेले. आता पुन्हा मागणी टाकू नये.

उणे ७१ वर सर्वाधिक गोंधळ होतो. केबल उपसल्यावर हबला ते कळून ‘डिस्कनेक्ट’ची बातमी ड्रायव्हरपर्यंत पोहोचायला थोडा वेळ लागतो. तोवर प्रत्येक मागणी उणे ७१ घेऊन परत येते. ड्रायव्हरने दर वेळी लगेच नवी मागणी टाकली, तर लॉगमध्ये त्याच ओळींचा पाऊस पडतो आणि छोटा बोर्ड गोठल्यासारखा वाटतो. माउस-कीबोर्डसाठीच्या लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये यावर उत्तर आहे. तो पहिला पुनःप्रयत्न १३ मिलिसेकंदांनी करतो, मग अंतर दुप्पट करत सुमारे १०० मिलिसेकंदांपर्यंत नेतो, आणि साधारण सेकंदभर यश आले नाही तर उपकरण रीसेट करतो. स्वतःचा ड्रायव्हर लिहिताना हीच रीत उचलावी.

पुरावा कसा गोळा करावा

१. लॉग वेळेच्या शिक्क्यासह साठवा. गाळ्यातली मोटर कधी चालू-बंद झाली, हे शेजारी वहीत लिहा.

२. ‘यूएसबीमॉन’ सुरू करा. त्यात प्रत्येक मागणी कधी टाकली आणि काय घेऊन परत आली, याची नोंद मिळते. हीच नोंद वायरशार्कमध्ये उघडता येते.

३. एक्सएचसीआय ड्रायव्हरचे ट्रेस इव्हेंट चालू करा. कंट्रोलरला दिलेले आदेश आणि त्यांची उत्तरे तिथे दिसतात. यूएसबीमॉनला हे दिसत नाही.

४. ऑटोसस्पेंड बंद करून पाहा. काही उपकरणे निजवल्यावर नीट जागी होत नाहीत, आणि ती चूक रिकव्हरीच्या नावावर जमा होते.

५. कर्नलची आवृत्ती, कंट्रोलरचे नाव, उपकरणाचे व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांक लिहून ठेवा.

यूएसबीमॉनची मर्यादा ध्यानात ठेवावी. ते तार पाहत नाही, तर ड्रायव्हर आणि कंट्रोलर यांच्यातला व्यवहार पाहते. हार्डवेअरने गुपचूप केलेले पहिले दोन पुनःप्रयत्न त्यात दिसत नाहीत. ते पाहायचे असतील तर केबलच्या मध्ये बसणारा प्रोटोकॉल अॅनालायझर लागतो.

स्टॉल किंवा प्रोटोकॉल चुकीनंतरचा क्रम

एक्सएचसीआयमध्ये स्टॉल किंवा ट्रान्झॅक्शन एरर आली की एंडपॉइंट ‘हॉल्टेड’ स्थितीत जातो. कंट्रोलर त्या रांगेला हात लावत नाही. स्टॉलनंतर तो मोकळा करण्याचा क्रम असा:

१. ‘रीसेट एंडपॉइंट’ आदेश द्या आणि त्याचे उत्तर येऊ द्या.

२. अडकलेली मागणी वगळून ‘सेट टीआर डीक्यू पॉइंटर’ आदेशाने रांगेची नवी सुरुवात कंट्रोलरला सांगा.

३. कंट्रोल एंडपॉइंट नसेल, तर उपकरणालाही ‘क्लिअर फीचर, एंडपॉइंट हॉल्ट’ ही विनंती पाठवा. कंट्रोल एंडपॉइंटचा स्टॉल पुढच्या सेटअप पॅकेटने आपोआप सुटतो.

४. रद्द झालेली मागणी वरच्या ड्रायव्हरला परत करा.

५. मगच डोअरबेल (कंट्रोलरला रांगेत काम असल्याचे कळवणारे रजिस्टर) वाजवून काम पुन्हा सुरू करा.

तारेवरच्या चुकीनंतर एंडपॉइंट रीसेट करून यातली तिसरी पायरी गाळली तर काय होते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. यूएसबी २.० मध्ये लागोपाठची पॅकेट डेटा-० आणि डेटा-१ अशी आलटून-पालटून खूण घेऊन जातात. दोन्ही बाजू ही खूण स्वतंत्र लक्षात ठेवतात. होस्टने एंडपॉइंट रीसेट केला की त्याची अपेक्षा डेटा-० वर येते. उपकरणाला काही सांगितलेच नसेल आणि त्याची पाळी डेटा-१ ची असेल, तर येणारे पॅकेट होस्टला ‘मागचेच पुन्हा आले’ असे वाटते. होस्ट पोच देतो आणि डेटा फेकून देतो. उपकरणाला पोच मिळते, ते पुढे सरकते, आणि त्यापुढचे सगळे सुरळीत चालते. लॉगमध्ये एकही चूक नाही. फक्त वजनकाट्याचे एक वाचन कायमचे नाहीसे झालेले असते. रिकव्हरीनंतर हिशेबात एकच नोंद कमी पडत असेल, तर सर्वांत आधी ही खूण तपासा.

तारेवरच्या तात्पुरत्या चुकीसाठी एक्सएचसीआयमध्ये वेगळी सोय आहे. ‘ट्रान्सफर स्टेट प्रिझर्व्ह’ हा बिट लावून एंडपॉइंट रीसेट केला, तर खूण आणि रांगेतली जागा दोन्ही टिकतात आणि तीच मागणी पुन्हा करून पाहता येते. स्टॉलसाठी हा मार्ग वापरू नये.

दुसरी नाजूक जागा म्हणजे ‘सेट टीआर डीक्यू पॉइंटर’ सोबत द्यायचा सायकल बिट. रांगेतली कोणती नोंद ताजी आणि कोणती शिळी, हे कंट्रोलर या बिटावरून ओळखतो. बिट उलटा गेला तर आदेश यशस्वी होतो, डोअरबेल वाजते आणि तरी काहीच घडत नाही, कारण कंट्रोलरच्या मते रांग रिकामी असते. रांग शेवटाला जाऊन पुन्हा सुरुवातीला वळते तिथेच ही चूक होते. त्यामुळे ‘दर काही तासांनी एकदा लटकते’ या तक्रारीत वळणावरचा हिशेब तपासावा.

टाइमआउट, रद्द केलेल्या मागण्या आणि ‘मेलेला’ कंट्रोलर

मुदत संपली की ड्रायव्हर मागणी रद्द करायला जातो. कंट्रोलर त्या क्षणी तीच मागणी हाताळत असू शकतो. म्हणून आधी ‘स्टॉप एंडपॉइंट’ आदेश द्यावा लागतो आणि त्याचे उत्तर आल्यावरच रांग बदलता येते. उत्तर येण्याआधी बफर मोकळा करणारा ड्रायव्हर कंट्रोलरला परक्या मेमरीत लिहायला लावतो. अशा वेळी बिघाड यूएसबीत न दिसता भलत्याच प्रोग्रॅममध्ये दिसतो.

इथे एक शर्यतही असते. स्टॉप आदेश निघाला आणि तो पोहोचेपर्यंत एंडपॉइंट स्वतःच स्टॉल होऊन थांबला, तर आदेशाला ‘काँटेक्स्ट स्टेट एरर’ असे उत्तर मिळते. ही गंभीर चूक समजू नये. एंडपॉइंटची सध्याची स्थिती वाचा. ती हॉल्टेड असेल तर वर सांगितलेल्या क्रमाने पुढे जा.

आदेशालाच उत्तर आले नाही, तर लिनक्स सुमारे ५ सेकंद वाट पाहतो. त्यानंतर ‘होस्ट कंट्रोलर नॉट रिस्पाँडिंग, अझ्यूम डेड’ आणि ‘एचसी डाइड’ या ओळी येतात व कंट्रोलरवरची सगळी उपकरणे काढून टाकली जातात. या ओळी दिसल्यावर पुढील गोष्टी पाहा:

- स्टेटस रजिस्टरमध्ये सगळे बिट एक असतील, तर कंट्रोलर पीसीआय बसवरूनच गायब झाला आहे. वीज, बोर्ड किंवा पॉवर सेव्हिंगची सेटिंग तपासा.
- ‘होस्ट सिस्टिम एरर’चा बिट लागला असेल, तर मेमरीशी होणाऱ्या व्यवहारात चूक आहे. ड्रायव्हरने दिलेले डीएमए पत्ते पाहा.
- दोन्ही नसेल, तर मेलेला म्हटलेला कंट्रोलर कदाचित जिवंतच असतो. इंटरप्ट हरवला किंवा इव्हेंट रांग वाचणारा कोड थांबला, तरी ड्रायव्हरला तेच दिसते.

कंट्रोलर रीसेट करतानाही क्रम मोडू नये. आधी रन बिट काढावा, कंट्रोलर थांबल्याची खूण येऊ द्यावी (त्यासाठी १६ मिलिसेकंदांची मर्यादा आहे), मग रीसेट द्यावा, आणि ‘कंट्रोलर नॉट रेडी’ हा बिट उतरेपर्यंत दुसऱ्या कोणत्याही रजिस्टरमध्ये लिहू नये. रीसेटनंतर जुन्या रांगा चालत नाहीत, त्या नव्याने बांधाव्या लागतात. चालू यंत्रावर तात्पुरता उपाय हवा असेल, तर ड्रायव्हर कंट्रोलरपासून ‘अनबाइंड’ करून पुन्हा ‘बाइंड’ करता येतो.

कोडमध्ये हमखास सापडणाऱ्या चुका

- झोपणारे फंक्शन चुकीच्या जागी. मागणी पूर्ण झाल्यावर चालणारे कॉलबॅक फंक्शन झोपू शकत नाही. ‘क्लिअर हॉल्ट’, ‘किल यूआरबी’ आणि ‘रीसेट डिव्हाइस’ ही तिन्ही झोपतात. ती वर्कक्यूमध्ये न्यावीत.
- निरोपानंतरची मागणी. ‘डिस्कनेक्ट’ चालू असताना कॉलबॅकने मागणी पुन्हा टाकली, तर मोकळ्या केलेल्या मेमरीला हात लागतो. आधी ‘उपकरण गेले’ असा झेंडा लावा, मग सगळ्या मागण्या थांबवा, आणि मेमरी सर्वांत शेवटी सोडा. रिकव्हरीसाठी टाकलेले वर्कक्यूचे कामही रद्द करायला विसरू नका.
- स्टॅकवरचा बफर. ट्रान्सफरचा बफर फंक्शनच्या स्टॅकवर ठेवू नये. एका संगणकावर तो चालतो, दुसऱ्यावर डेटा खराब करतो.
- कधीच शून्य न होणारा मोजणी-अंक. यशस्वी ट्रान्सफरनंतर चुकांची मोजणी शून्यावर आणली नाही, तर आठवडाभरात विखुरलेल्या किरकोळ चुका जमा होऊन विनाकारण रीसेट होतो.
- रीसेटनंतर विसरलेली मांडणी. रीसेटने उपकरणाचा बॉड रेट आणि मोड ही मांडणी पहिल्या जागी जाते. ‘पोस्ट रीसेट’मध्ये ती पुन्हा भरावी लागते. ‘रीसेट यशस्वी, पण वाचन कचरा’ या तक्रारीचे कारण बहुधा हेच असते.
- दुहेरी परिणाम. मागणी पोहोचली पण पोच हरवली, तर पुनःप्रयत्नाने तेच काम दोनदा होते. लेबल दोनदा छापले जाते. अशा आदेशांना क्रमांक द्यावा आणि उपकरणाने जुना क्रमांक नाकारावा.

पेन ड्राइव्ह आणि बाहेरच्या डिस्कसाठी

मास स्टोरेजमध्ये यूएसबीवर स्कझीचा आणखी एक थर असतो. त्याची मुदत सहसा ३० सेकंदांची असते. म्हणून डिस्क अडकल्यावर संगणक अर्धा मिनिट गप्प दिसतो आणि मग रीसेटची ओळ येते. बल्क-ओन्ली पद्धतीत उपकरणाच्या उत्तरात ‘फेज एरर’ आली, तर तीन गोष्टी याच क्रमाने करायच्या असतात: मास स्टोरेज रीसेटची विनंती, बल्क-इनचा हॉल्ट काढणे, बल्क-आउटचा हॉल्ट काढणे.

डिस्क यूएएस या नव्या पद्धतीत वारंवार रीसेट होत असेल, तर ‘यूएसबी-स्टोरेज क्वर्क’मध्ये (ठरावीक उपकरणापुरत्या अपवादांच्या यादीत) तिचे क्रमांक देऊन यूएएस बंद करून पाहा. वेग थोडा कमी होतो, पण दोष यूएएसच्या वाटेवर आहे की खाली, हे लगेच कळते. डिस्कमध्ये महत्त्वाचा डेटा असेल, तर कोणताही प्रयोग करण्याआधी तिची प्रत घ्या.

चूक मुद्दाम घडवून तपासा

गिऱ्हाइकाकडे चूक होण्याची वाट पाहत बसू नये. टेबलावरच पुढील चाचण्या घ्याव्यात:

१. डेटा वाहत असताना केबल उपसा. पुन्हा, उपकरण नुकतेच जोडले जात असताना उपसा.

२. सिसएफएसमधला ‘ऑथराइज्ड’ झेंडा शून्य व पुन्हा एक करा. केबलला हात न लावता उपकरण सोडवून जोडता येते, त्यामुळे ही चाचणी रात्रभर आपोआप चालवता येते.

३. ‘यूएसबीरीसेट’ या छोट्या साधनाने चालू ट्रान्सफरमध्ये रीसेट द्या.

४. गॅजेट झीरो असलेला दुसरा बोर्ड जोडून ‘यूएसबीटेस्ट’ मॉड्यूलच्या चाचण्या चालवा. त्यात मागण्या रद्द करण्याच्या आणि हॉल्ट लावून काढण्याच्या चाचण्या तयार मिळतात.

५. उपकरणाचे फर्मवेअर आपलेच असेल, तर मुद्दाम स्टॉल देणारा आणि मुद्दाम उशिरा उत्तर देणारा आदेश त्यात घाला.

प्रत्येक चाचणीनंतर ‘चालू झाले का’ एवढेच पाहू नये. पाठवलेल्या आणि मिळालेल्या नोंदींची संख्या जुळते का, मेमरी गळते का, आणि त्याच हबवरचे दुसरे उपकरण विनाकारण तुटले का, हेही पाहावे.

दुरुस्ती कुठे करायची

- दोष वायरिंग किंवा विजेत सापडला, तर ड्रायव्हरमध्ये पुनःप्रयत्न वाढवून तो झाकू नये.
- दोष एका विशिष्ट मॉडेलच्या फर्मवेअरमध्ये असेल, तर त्याच क्रमांकापुरता क्वर्क लावावा. सगळ्यांसाठी वागणूक बदलू नये.
- दोष आपल्या ड्रायव्हरमध्ये असेल, तर तो चूक होते त्या पायरीवर दुरुस्त करावा. प्रत्येक चुकीला थेट उपकरण रीसेट करणे सोपे वाटते, पण त्याने डेटा हरवतो आणि खरा बग दडतो.
- कर्नल जुना असेल, तर आधी नव्या कर्नलवर पाहावे. एक्सएचसीआयच्या रिकव्हरीत सतत दुरुस्त्या होत असतात.

खरेदीदाराचे हक्क

- नोंदणीचा क्रमांक. यूएसबीवर चालणारे बारकोड स्कॅनर आणि ऑप्टिकल फिंगरप्रिंट स्कॅनर यांना भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागू आहे. खरेदी करताना खोक्यावरचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक पाहा.
- सोर्स कोड. विकत घेतलेल्या यंत्रात लिनक्स कर्नल असेल, तर जीपीएल आवृत्ती २ नुसार विक्रेत्याने त्या कर्नलचा, म्हणजे त्यात बदललेल्या ड्रायव्हरचाही, सोर्स कोड द्यायला हवा. सोबत दिला नसेल तर किमान ३ वर्षांसाठी वैध असा लेखी देकार हवा. डीबगसाठी हा हक्क फार उपयोगी आहे. मागणी लेखी करा.
- सदोष माल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांत जिल्हा आयोगाकडे जाता येते. तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार चालते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते.
- व्यापारी खरेदी. व्यापारासाठी घेतलेला माल या कायद्यात बसत नाही. मात्र स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेले यंत्र बसते. मोठ्या युनिटने खरेदीच्या करारातच वॉरंटीच्या अटी स्पष्ट लिहून घ्याव्यात.
- वीजपुरवठा. कमी दाबाच्या जोडणीत जाहीर व्होल्टेजपेक्षा ६ टक्क्यांहून जास्त फरक नसावा. २३० व्होल्टसाठी ही मर्यादा साधारण २१६ ते २४४ व्होल्ट येते. मोजमापाच्या नोंदींसह महावितरणकडे १९१२ वर तक्रार नोंदवा. दाद न मिळाल्यास ग्राहक तक्रार निवारण मंच आहे.

मदत मागताना

महाविद्यालयातील मार्गदर्शक, उपकरणाचा उत्पादक किंवा कर्नलचे देखभालकर्ते यांपैकी कोणाकडेही जाताना ‘यूएसबी लटकते’ एवढे सांगून भागत नाही. कर्नलची आवृत्ती, कंट्रोलर आणि उपकरणाचे क्रमांक, चुकीआधीच्या एका मिनिटापासूनचा पूर्ण लॉग, यूएसबीमॉनची नोंद, चूक पुन्हा घडवण्याची कृती, आणि केबल व वीज बदलून पाहिल्याचा निकाल, एवढे सोबत द्या. फक्त शेवटच्या दहा ओळी कापून पाठवू नका. त्यात बहुधा परिणाम असतो, कारण वर राहून गेलेले असते. पूर्ण नोंद हातात असली की उत्पादकालाही ‘केबल बदलून पाहा’ एवढ्यावर बोळवण करता येत नाही.